दादा, तू बॅगपाइप वाजवायचास

दादा,

तू गेलास त्याला आज बारा दिवस झाले. चौथ्याच दिवशी मी शाळेत रुजू झाले. घरी बसून तरी काय करणार होते? तिसरीच्या वर्गातली पोरं सध्या फारच शहाण्यासारखी वागताहेत. कुणी भांडत नाही, कुणी पाणी प्यायला जाऊ का म्हणून सतावत नाही. मी फळ्यावर वजाबाकी लिहिते, ती मुकाट उतरवून घेतात. काल डब्यातली भाजी आळणी होती हे शेजारच्या बाईंनी सांगितलं तेव्हा मला कळलं, आणि तोवर मी ती अर्धी संपवली होती. असं सगळं चाललंय. हात चालतात, पाय चालतात, आत कुणी नाही.

लोक म्हणतात, रडून घ्या मॅडम, मोकळं वाटेल. तू असतास तर म्हणाला असतास, "सुमे, रडायचं तर रड, न्हाईतर चहा टाक." मी चहा टाकते.

तू गेलास त्या दुपारी अंबडच्या तुझ्या अंगणात एक गंमत झाली, ती तुला सांगायला हवी. गंमतच म्हणते, दुसरा शब्द सुचत नाही. कडुनिंबाखाली एका बाजूला जालन्याहून आलेली साहित्यिक मंडळी उभी होती. खांद्याला पिशव्या, पांढरे केस, एकमेकांशी अगदी हळू आवाजात बोलणारी. दुसऱ्या बाजूला तुझं बँडपथक. ढोलवाले, ट्रम्पेटवाले, झांजवाला. काही जण आदल्या दिवशीच्या लग्नातून थेट आले होते, दोघांच्या अंगावर तो लाल कोट तसाच होता. मधे रिकामी जागा. एक गृहस्थ माझ्याजवळ येऊन हळूच विचारू लागले, "मॅडम, हे बँडवाले कशासाठी? अंत्ययात्रेत वाजवण्याची पद्धत आहे का तुमच्याकडे?" मी नाही म्हणाले. थोड्या वेळानं तुला हवालदार म्हणणारे तुमचे बँडमास्तर सत्तारभाई आले. डोळे सुजलेले. म्हणाले, "टीचरबाई, ही साहेब लोकं कोण हायत? हवालदारच्या फौजेतली का?"

मी त्यांना सांगितलं, दादा लहान मुलांची पुस्तकं लिहायचा, ही त्यातली माणसं. सत्तारभाई माझ्याकडे बघतच राहिले. "मंग ते पत्रिकेमागं लिहून राह्यले असायचे, ते गाण्याची यादी न्हाई?"

चौदा वर्षं ते तुझ्या शेजारी ढोल वाजवत होते, दादा. इतकं बेमालूम कसं जमवलंस?

तुझं वर्ष मधोमध कापलेलं होतं. तुळशीची लग्नं लागली की ते आषाढ लागेपर्यंत तू हवालदार. फौजेतून आणलेला तो बॅगपाइप डाव्या काखेत, खांद्यावर तीन लांब नळ्या, चौकड्यांचं कापड, डोक्यावर तुरा. वरातीच्या पुढे तू आणि मागे अख्खं गाव. आषाढ लागला की लग्नं बंद. लाल कोट दारामागच्या खिळ्याला आणि तू खाली सतरंजीवर, पोटावर पालथा पडून लिहिणारा. मग तू 'सर' व्हायचास. वर तूच हसायचास. "आपण मुहूर्त मानणारी माणसं न्हाई, सुमे. पण माझं लिहिणं बघ, पंचांगावर चालतं."

मला तो कोट आवडत नव्हता. आज लपवून काय उपयोग? फौजेच्या गणवेशातला तू मला आवडायचास, त्या फोटोला मी चौकट केली. तेच वाद्य, तोच तू. पण फौजेत वाजवलंस तर अभिमान, आणि कुणाच्या नवरदेवापुढे वाजवलंस की मी दुसरीकडे बघायचे. तू निवृत्त होऊन आलास तेव्हा मला वाटलं होतं, आता हा निवांत लिहील. तू आठवड्याच्या आत सत्तारभाईंच्या दुकानात जाऊन उभा राहिलास.

त्यावरून आपण किती भांडलो! तुझ्या चौथ्या पुस्तकाच्या वेळी तर वहिनींनी आपल्या दोघांना बाहेर काढलं होतं, भांडायचं तर रस्त्यावर भांडा म्हणून. मी म्हणत होते, बँड सोड. दमतोस, खोकतोस, सहा महिने वाया जातात. लेखक म्हणून लोक तुला ओळखायला लागलेत. तू पायरीवर बसून बूट पुसत होतास. म्हणालास, "कोणते लोक? तुमच्या त्या कार्यक्रमात मी गेल्तो की. बालसाहित्य म्हणत्यात आन् एक लेकरू न्हाई. सगळे टकले. लेकरं कुठं असतात म्हाईत हाय का तुला? वरातीत. माझ्या पायात पायात येतात. काकांच्या काखेत बकरी हाय म्हणतात. मी तिथं जाऊन राह्यलो."

खरंच होतं ते. शहागडच्या एका वरातीत एका पोरीनं तुला विचारलं होतं, नवरदेव उतरला की घोडा कुणाच्या घरी जेवायला जातो. तू ते लग्नपत्रिकेच्या मागे लिहून आणलंस आणि श्रावणात त्याचं पुस्तक झालं. माझ्या वर्गात ते इतक्या वेळा वाचलं गेलं की मधली पानं सुटली. हे मला दिसत होतं, तरी मी हटले नाही. तुझ्या पुस्तकांच्या मागचा लेखक परिचय मीच लिहायचे. 'माजी सैनिक. सध्या पूर्णवेळ लेखन.' प्रत्येक पुस्तकावर हेच. पहिल्यांदा वाचून तू खो खो हसलास. "पूर्णवेळ? मंग वैशाखात फुंकतंय कोण, माझं भूत?" पण खोडलं नाहीस. माझं लिहिलेलं तू कधीच खोडलं नाहीस, हाच तर तुझा दोष.

आणि मी तुझं खोडायचे. म्हाताऱ्या बैलाची गोष्ट आठवते? तू लिहिलेल्या गोष्टीत बैल शेवटी मरत होता. मी वर्गात वाचली, चार पोरं रडली, एकानं घरी जाऊन जेवण सोडलं. मी तुला फोन केला, शेवट बदल. तू म्हणालास, "लेकरांशी खोटं बोलू न्हाई, सुमे." मी म्हणाले, खोटं नाही, फक्त सांगायचं नाही. बैल डोंगरापलीकडे गेला एवढंच लिही. तू दोन दिवस फोन उचलला नाहीस आणि मग तसंच लिहिलंस. पुस्तक गाजलं. तू त्या पुस्तकावर कधी सही दिली नाहीस. कुणी पुढे केलं तर दुसरं पुस्तक घ्या म्हणायचास. मी ते पाहत होते आणि आपण यावर एकदा नीट बोलू असं म्हणत होते. सवड होती ना, कुठे पळणार होतास तू?

मी नऊ वर्षांची असताना तू भरती झालास. तुझी अंतर्देशीय पत्रं यायची. घरच्यांसाठी वर चार ओळी, मी खुशाल आहे, तुम्ही खुशाल असा. खाली उरलेल्या सगळ्या जागेत माझ्यासाठी मुंगसाची गोष्ट. जागा संपली की घडीच्या आतल्या कडेवर बारीक अक्षरात, आणि तीही संपली की 'उरलेलं पुढच्या पत्रात'. पोस्टमन मला आधी हाक मारायचा. मी शिकले, मास्तरीण झाले, त्याचं श्रेय लोक बाबांना देतात. ते मुंगसाचं आहे. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला माहीत असेल असं धरून चालले.

आता गुळाचं सांगते.

दिवाळी झाली की तू बॅगपाइप घेऊन माझ्या घरी यायचास. चामड्याची पिशवी चार-पाच महिने पडून वाळलेली असायची, वारा धरायची नाही. फौजेत तिला आतून लावायला डब्यातलं काहीतरी मिळायचं, इकडे ते कुठून आणायचं? म्हणून तू गुळाचा उपाय काढलास. वहिनी मुंग्यांना कंटाळून तुला घरात करू देत नसत. मग माझ्या गॅसवर मी गूळ उकळायचे. तार येऊ द्यायची नाही, बोटाला नुसता चिकटला पाहिजे. कोमट झाला की तू तो पिशवीत ओतायचास, भोकांना बुचं मारायचास आणि मांडीवर घेऊन कणकेसारखी मळत बसायचास. नंतर न्हाणीतल्या खिळ्याला उलटी टांगायची. रात्रभर थेंब थेंब गळायचं, सकाळी भिंतीवर मुंग्यांची रांग. तू त्या मुंग्यांना म्हणायचास, "या, या, तुमच्यावर पण लिहितो." पिशवी आतून धुवायची नाही हा तुझा नियम. धुतली की वारा गळतो. सत्तारभाईंनी कितीदा सांगितलं, नवीन रबराची पिशवी मिळते, ती बसवू. तू म्हणायचास, ही पलटणीची आहे.

मग दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर तू पहिल्यांदा फुंकायचास. गल्ली जमा व्हायची. मी आतून दार लावून घ्यायचे.

चौदा वर्षं तो गूळ मी उकळला, दादा. चांगला पिवळाधमक गूळ आणायचे, भावाचं काम म्हणून.

धावड्याचं तुला कळलं होतं का? मी तेव्हा धावड्याच्या शाळेवर होते. वाचन सप्ताहाला तुला पाहुणा म्हणून बोलावलं. मुख्याध्यापकांनी हार घातला, पोरांनी तुझ्याकडून सायाळीची गोष्ट दोनदा ऐकली. तू सायाळीसारखा अंग फुलवून दाखवलास तेव्हा सरपंचसुद्धा हसले. मी आठवडाभर हवेत होते. आणि पंधरा दिवसांनी त्याच गावात लग्न निघालं, बँड तुमचाच. मधल्या सुट्टीत पोरं धापा टाकत आली. "मॅडम, मॅडम, तुमचे भाऊ आलेत. बँडात हायत. लाल कोट घातलाय!" सगळा स्टाफ चहा घेत बसला होता. मी म्हणाले, "ते नव्हेत रे. दुसरे कुणीतरी असतील. सारखे दिसतात."

पोरं गेली. वेशीवरून तुझा आवाज येत होता. अख्ख्या जिल्ह्यात ते वाद्य वाजवणारा दुसरा कोण होता? मी वही तपासत बसले. संध्याकाळी तू शाळेवरून गेलास, टेम्पो थांबवला नाहीस. एरवी तू अर्ध्या तासाची वाट वाकडी करून मला भेटायचास. त्या दिवशीचं ना तू काढलंस ना मी. पण त्यानंतर माझ्या गावात वाजवायला जायचं असलं की तू आधी फोन करायचास, "सुमे, रविवारी तिकडं येऊन राह्यलो," आणि थांबायचास. मी म्हणायचे, मी रविवारी जालन्याला जाणार आहे. मग तू म्हणायचास, बरं.

खोकला तीन वर्षांपासून होता. लग्नसराईत वाढायचा, आषाढात कमी व्हायचा. मी मोठी शहाणी. मी निष्कर्ष काढला, बघ, लिहायला बसलास की तुला बरं वाटतं, तुझ्या शरीरालासुद्धा कळतं तुझं खरं काम काय ते. सगळ्यांना सांगत फिरले. अंबडच्या डॉक्टरांनी धूळ म्हणून सांगितलं. कापसाचा भाग, धूळ कुणाला चुकली? त्यांनी ओढायचा पंप दिला. तू तो लाल कोटाच्या खिशात ठेवायचास.

मागच्या वैशाखात जिना चढताना तू मधेच बसलास. मग मी ऐकलं नाही. वहिनी डॉक्टरांपुढे बोलत नाहीत, म्हणून मीच तुला संभाजीनगरला मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. चांगल्या होत्या त्या. घाई नव्हती. एकेक विचारत गेल्या. घरात कबुतरं आहेत का? नाही. धान्याच्या गोदामात काम? नाही. कापसाच्या जिनिंगमध्ये? नाही. भिंतींना ओल, बुरशी? नाही. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "बरं, तुम्ही दिवसभर करता काय?"

तू माझ्याकडे पाहिलंस.

पुरं एक क्षणभर पाहिलंस. मी तो क्षण बारा दिवस उलटापालटा करून बघतेय. मी पर्स मांडीवर धरून बसले होते आणि माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते तुलाच माहीत. तू डॉक्टरांकडे वळलास आणि शुद्ध भाषेत म्हणालास, "मी लेखक आहे. लहान मुलांसाठी लिहितो. आधी सैन्यात होतो."

"अरे वा!" त्या म्हणाल्या. त्यांची मुलगी तुझी पुस्तकं वाचत होती. मी पर्समधून नवं पुस्तक काढलं, तू सही केलीस. मागच्या पानावर माझं ते पूर्णवेळ लेखन. त्यांनी ते वाचलंसुद्धा. मला इतकं बरं वाटलं, दादा, की आपण आजारासाठी आलोय हे मी विसरले. हा बॅगपाइप वाजवतो, एवढं एक वाक्य होतं. मला ते आठवलं नाही असं नाही. मला ते तिथे नको होतं.

परतीच्या एसटीत तू खिडकीशी बसला होतास. पाचोड मागे पडल्यावर म्हणालास, "बरं झालं ना, सुमे?" मी विचारलं, काय बरं झालं? "न्हाई, डॉक्टर चांगली हाय," म्हणालास आणि डोळे मिटलेस.

गोळ्या सुरू झाल्या. श्रावणापर्यंत तू टुणटुणीत. सगळे म्हणाले, गोळ्या लागू पडल्या. लग्नं बंद होती हे कुणाच्या ध्यानात आलं? दिवाळीनंतर तू पिशवी घेऊन आलास, मी गूळ उकळला. माघात तुला दवाखान्यात ठेवावं लागलं, घरी आणलं, फाल्गुनात पुन्हा नेलं.

शेवटच्या आठवड्यात तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. तुझी बोटं चादरीवर हलायची. एकामागून एक उठायची, पडायची. डॉक्टरीणबाई राउंडला आल्या, त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "हे काय करतात?" मी म्हणाले, "लिहायची सवय आहे हो. झोपेतही लिहितात." लिहायला एक हात लागतो, दादा. तुझे दोन्ही हलत होते. त्या मान डोलावून पुढच्या खाटेकडे गेल्या. तू दुसऱ्या दिवशी पहाटे गेलास. मी तुझ्या हातावर हात ठेवून बसले होते आणि बोटं थांबली तेव्हा मला वाटलं, झोप लागली.

नंतर वहिनी म्हणाल्या, ताई, त्या बाज्याला मुंग्या लागल्यात, जरा उन्हात टाका. मी पिशवीच्या तोंडाची दोरी सोडली. आधी वास आला. जुन्या ओल्या पोत्याचा असतो तसा. मोबाइलचा उजेड आत टाकला. आतून सगळी पिशवी काळी आणि हिरवी झाली होती, थरावर थर, वर पांढरी लव. मी तशीच प्लास्टिकमध्ये बांधली आणि रजा टाकून संभाजीनगरला गेले. कुणालाही न सांगता.

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे घालून पाहिली. हे किती वर्षं फुंकत होते, कधी कधी फुंकत होते, सगळं विचारलं. आषाढाचं सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हणाल्या, "बुरशी. गोड आणि ओल, अजून काय हवं तिला? प्रत्येक श्वासाबरोबर आत जात होती. आधी कळलं असतं तर पहिल्याच दिवशी मी हे बंद करायला लावलं असतं. वाचले असते का, ते मी खात्रीनं सांगू शकत नाही." हातमोजे काढता काढता म्हणाल्या, "मी विचारलं होतं ना, मॅडम?"

मी हो म्हणाले. पिशवी उचलली. खाली येऊन उसाचा रस प्यायले. तहान लागली होती.

ती पिशवी मी दोरी बांधून पुन्हा तुझ्या घरी, होती तिथे टांगून ठेवली. कुणालाच काही बोलले नाही. बोलून तू थोडाच येणार होतास, असं मनाशी म्हटलं. खरं कारण तेवढंच नव्हतं.

परवा तुझं पुण्यानुमोदन झालं. भन्तेजींनी वंदना घेतली, धम्मदेसना झाली. कडुनिंबाखाली दोन्ही बाजूंची माणसं होती, यावेळी जागा कमी म्हणून जवळजवळ बसलेली. मुख्याध्यापक होते, तुझे प्रकाशक होते. दोघंतिघं तुझ्यावर बोलले, सगळे पुस्तकांवर. जेवणं सुरू झाली आणि सत्तारभाई वहिनींपुढे येऊन उभे राहिले.

"भाबी, हवालदारचं बाजं द्या मला. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत दरसाल पुढं हवालदार असायचे. यंदा तिथं खाली जागा बघवणार न्हाई. मी थोडं थोडं शिकलोय त्यांच्याकडून. मीच फुंकतो."

वहिनींनी आत जाऊन ते आणलं. कापड झटकलं, त्यांच्या हातात दिलं. सत्तारभाईंनी ते आधी कपाळाला लावलं. मग काखेत घेतलं आणि वारा धरतंय का बघायला नळी तोंडाकडे नेली.

दादा, मी गप्प बसले असते तर कुणाला काहीही कळलं नसतं. चार-पाच वर्षांनी सत्तारभाई खोकले असते, आणि अंबडच्या डॉक्टरांनी धूळ म्हणून सांगितलं असतं. हे मला तेवढ्या वेळात स्पष्ट दिसलं. आणि तरीही, खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मनात आलं ते हेच की इथे मुख्याध्यापक बसलेत.

"थांबा," मी म्हणाले. "तोंडाला लावू नका. भाई, खाली ठेवा ते."

आवाज मोठा लागला असावा. पंगत थांबली. मी सगळं सांगितलं. पिशवीतलं, डॉक्टर म्हणाल्या ते, गुळाचंसुद्धा. सत्तारभाईंनी वाद्य जमिनीवर ठेवलं, हात पँटला पुसले आणि खाली बसले. "म्या पण फुंकलंय कधीमधी," एवढंच म्हणाले. त्यांची बायको रडायला लागली. उद्या त्यांना मी संभाजीनगरला नेणार आहे, नंबर घेतलाय.

वहिनी उभ्याच होत्या. हातात वरणाची बादली. म्हणाल्या, "ताई, त्या डॉक्टरनं इचारलं न्हवतं का?"

"विचारलं होतं."

"मंग?"

"मी सांगितलं नाही. दादा बँडात वाजवतो हे सांगायची मला लाज वाटली, वहिनी."

हे मी सगळ्यांसमोर म्हणाले. साहित्यिकांच्या बाजूला कुणीतरी ताटाकडे बघायला लागलं. बँडवाल्यांपैकी एकानंही मान खाली घातली नाही, ते सगळे सरळ माझ्याकडे बघत होते. मला वाटलं वहिनी आता ओरडतील. ओरडायला हव्या होत्या.

त्यांनी बादली खाली ठेवली. "त्यायला लाज न्हवती," त्या म्हणाल्या. "त्यायला कधीच न्हवती. त्या दिशी घरी आले, म्या इचारलं सगळं सांगितलं का डॉक्टरला? तर म्हणले, बँडाचं काढलं न्हाई. सुमी होती सोबत. तिला आवडत न्हाई, तिचं तोंड उतरलं आसतं."

मग त्या पुन्हा बादली घेऊन वाढायला गेल्या. पंगत बसलेली होती, कुणीतरी वाढायला हवं होतं.

दादा, त्या खोलीत तू मला सांभाळत होतास. आणि आजारी तू होतास.